अनुभव धागा : आधी चेहऱ्यावर भाळले, मग गाम्बात अडकले

काजवा
काल कपाट आवरताना जुनी सीडी हाताला लागली. झाकणाला तडा गेलाय, आतली पुस्तिका मात्र शाबूत. जोर्दी सावाल. दाढी, मिटलेले डोळे, दोन गुडघ्यांत धरलेलं व्हायोला द गाम्बा, म्हणजे गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य. ती सीडी मी निव्वळ फोटो बघून घेतली होती. ज्याचं संगीत त्यात होतं तो मारँ मारे कोण, गाम्बा कशाशी खातात, काही माहीत नव्हतं.

बरेच दिवस फोटोच बघत होते. मग एकदा त्याचे हात जवळून बघायला मिळाले. गाम्बाचा गज चेलोसारखा वरून नाही धरत, तळहात वर करून खालून धरतात. मधलं बोट थेट गजाच्या केसांना टेकलेलं. त्या एका बोटाने केस ताणायचे, सैल सोडायचे. सूर छातीसारखा भरतो आणि ओसरतो. चेहरा मागे पडला असं म्हणणार नाही, पण कान जागे झाले ते त्या बोटाने.

तेव्हा एका जाणकारांनी चारचौघांत सुनावलं होतं, "तू ऐकत नाहीस, नुसती बघतेस." फार लागलं होतं. इतकी वर्षं कुणाशी बोलले नाही, आज बोलते. बाख, विवाल्डी आणि त्यांच्याही आधीचं संगीत वाजवणाऱ्या-गाणाऱ्या कुठल्या देखण्या कलाकारावर तुमचा जीव जडलाय? इतर कलाकारही चालतील. मोकळेपणाने लिहा.

रातराणी
गायक ओर्लिन्स्की!!! दुसरं कोण!
२०१७ चा फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सचा व्हिडिओ. विवाल्डीच्या 'जुस्तीनो' ऑपेरातली आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, आणि हा चक्क हाफ पँटमध्ये. पहिला सूर लांबवला ना, मी इस्त्री उभी करून ठेवली आणि खालीच बसले. तीनदा ऐकलं. कपडे राहिले तसेच.

उंबरठा
+१ रातराणी
ब्रेकडान्स पण करतो तो! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात रामो या जुन्या फ्रेंच संगीतकाराचं गाणं गाता गाता पावसात नाचला. लेक म्हणाली, आई हा तुझाच ना? म्हटलं हो, माझाच.

धुकं
फ्रान्स ब्र्यूखन. बाबांच्या एलपीवर होता. उंच, सडपातळ, हातात रेकॉर्डर, म्हणजे तोंडाने फुंकायची उभी बासरी. ज्या वाद्याला लोक शाळकरी पोरांचं खेळणं समजायचे, ते त्याच्या ओठांना लागलं की वेगळंच काहीतरी व्हायचं. लुचानो बेरिओ या संगीतकाराने १९६६ साली त्याच्यासाठी 'जेस्ती' लिहिलं. त्यात बोटं आणि श्वास सुरुवातीला आपापल्या वाटेने जातात. ऐकताना चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि मग अचानक दोन्ही जुळतात.
बाबा एलपी लावायचे आणि मी कव्हर मांडीवर घेऊन बसायचे. २०१४ ला तो गेला तेव्हा बाबाही नव्हते. ते कव्हर बघायचा अजून धीर होत नाही.

काजवा
धुकं, ❤️ सावकाश. घाई नाही त्याची.

पारवा
सगळ्या मैत्रिणीच आहेत का इथे? मी गायिका एमा कर्कबीचा भक्त. आवाजात कंप जवळजवळ नाहीच, सरळ, पाण्यासारखा. आणि गाताना चेहऱ्यावर इतकं निर्मळ काहीतरी असतं की नजर हलत नाही. देखणेपण फक्त नाकीडोळी असतं असं मला तिच्यामुळे वाटेनासं झालं.

जोगिया
मशीन थांबलंय, पटकन विचारते. हे पुरुष इतक्या वरच्या पट्टीत कसे गातात? ओर्लिन्स्कीचं ऐकून घरात सगळे म्हणतात बाई गातेय.

पारवा
जोगियाताई, काउंटरटेनर म्हणतात त्यांना. फॉल्सेटोत गातात, म्हणजे स्वरतंत्रींची फक्त कड कंप पावते. बोलतात मात्र तुमच्या-माझ्यासारखे, नेहमीच्या भारदस्त आवाजात. जारुस्की हा दुसरा काउंटरटेनर तर आधी व्हायोलिन वाजवायचा, गाण्याकडे नंतर वळला.
जुन्या काळी हे भाग बरेचदा कास्त्राती गायचे. लहानपणीच मुलांवर शस्त्रक्रिया करायची, आवाज फुटूच नये म्हणून. फारिनेल्ली (१७०५-१७८२) त्यातलाच. त्याच्यावर बायका-पुरुष सगळे फिदा होते. १७३७ ला स्पेनला गेला, राजा फिलिप पाचव्याच्या उदासीवर औषध म्हणून त्याला गायला लावायचे.

जोगिया
अरे बापरे. त्याचं चित्र आत्ताच बघितलं. भरजरी कपड्यातला तो ऐटदार माणूस, आणि मागे हे. आता ते चित्र नुसतं बघवेना. कपडे वाळत घालून येते.

रातराणी
हो गं, मलाही हे कळलं तेव्हा दोन दिवस काही ऐकवलं नव्हतं.

सायंतारा
विषयाला जरा सोडून, पण इतर कलाकार चालतील म्हणालात म्हणून. झाकीरभाई. ते केस, ते हसू, आणि साथ करताना मुख्य कलाकाराकडे बघणं! एखादी जागा सुंदर आली की यांच्याच चेहऱ्यावर आधी उजेड पडायचा. डिसेंबर २०२४ ला बातमी आली तेव्हा ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले.

उंबरठा
सायंतारा, अगदी अगदी. त्यांचा फोटो माझ्या वहीत कॉलेजपासून आहे. कुणी हसलं तरी काढला नाही.

धुकं
परत आले. थिओर्बोवाले राहिले की! थिओर्बो म्हणजे लांब मानेचं ल्यूट, बोटांनी छेडायचं जुनं तंतुवाद्य. ती हातभर लांब मान खांद्यावरून वर गेलेली, आणि वादक तारा जुळवत बसलाय. आतड्याच्या तारा, हवा जरा बदलली की सूर हलला. माटेसोन नावाचा जुना जर्मन संगीतकार म्हणून गेलाय, ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षं जुळवण्यातच गेली असणार. मला ते जुळवणंच बघायला आवडतं. मान कललेली, कान तारेपाशी, सगळी सभा विसरलेला. याहून देखणा माणूस मी पाहिलेला नाही.

पारवा
धुकं, क्या बात! आता एलपीचं कव्हर काढाच.

धुकं
काढलं. बाबांच्या अक्षरात मागे तारीख आहे, पेन्सिलने. मला माहीतच नव्हतं.

काजवा
फोटो टाक. कव्हराचा नको, त्या तारखेचा.