सहारातील सरू बालाघाटाच्या डोंगरावर लावता येईल का?

बालाघाटवासी (पाटोदा, जि. बीड):
आमच्या गावामागचा डोंगर उन्हाळ्यात अगदी बोडका दिसतो आणि शाळेतील मुलांनी लावलेल्या रोपांपैकी मोजकीच जगली आहेत. अल्जीरियातील तासिली पठारावर वर्षाला जेमतेम ३० मिलिमीटर पावसात सरूचे सदाहरित वृक्ष दोन हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहेत, असे वाचनात आले. आमच्याकडे पाऊस त्याच्या वीसपट पडतो. त्याचे बी आणून येथे लावले, तर डोंगरही झाकेल आणि एका दुर्मीळ झाडाला आसराही मिळेल, असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वनस्पतिप्रेमी (लातूर):
गुरुजी, आपली तळमळ मनाला भिडली, परंतु ३० मिलिमीटर हा आकडा फसवा आहे. तुआरेग लोक ज्याला तारूत म्हणतात, तो हा वृक्ष वालुकाश्माच्या घळींत आणि कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत वाढतो, जेथे भोवतालच्या खडकांवरून वाहून आलेले पाणी मुरते आणि मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचतात. जुने वृक्ष तग धरून आहेत. नवे रोप मात्र क्वचितच रुजते, कारण बरेचसे बी पोकळ निघते आणि उगवलेला कोंब जनावरे खातात. मोजणीत अवघे २३३ वृक्ष आढळले होते. (आपल्याकडे ज्याला सुरू म्हणतात ती खडशेरणी, तिचा या सरूशी संबंध नाही.)

रोपवाटिका (धाराशिव):
याची प्रजननाची रीत विलक्षण आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एरवी नर आणि मादीकडून एकेक येणारे गुणसूत्रांचे दोन्ही संच याच्या परागकणातच असतात आणि गर्भ केवळ त्यातूनच घडतो. मादी शंकू फक्त पोषण पुरवतो. म्हणूनच भूमध्य प्रदेशातील साध्या सरूवर हे पराग टाकले असता त्या साध्या सरूच्या बियांतूनही तारूतच उगवला. तारूतला वाचवण्याची खरी वाट मला या रीतीत दिसते. बालाघाटावर लावून त्याचे काही साधणार नाही.

बालाघाटवासी:
आभारी आहे. म्हणजे तेथेही आणि येथेही अडचण कोवळे रोप टिकण्याचीच आहे. मग आमच्या डोंगरासाठी काय करावे?

वनस्पतिप्रेमी:
आधी उतारावर समतल चर खोदून पाणी अडवा आणि गावाने ठरवून चराई थांबवा. पावसाळ्याच्या तोंडावर सालईच्या जाड फांद्या लावा. कडेने सीताफळाचे बी टोका. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत.