वाचनालयाचा ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट करा
प्रत्येक वाचनालयाने सभासदांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढावा, असं काहीजण सुचवतात. व्हॉट्सॲप हवंच, हे पटतं. ग्रुप मात्र नको. त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवरून नंबर उचलून कुणीतरी दोन सभासद मुलींना रात्री-अपरात्री मेसेज पाठवले. मला फार अपराधी वाटलं, कारण नंबर त्यांनी विश्वासाने सभासद अर्जावर लिहिला होता. ग्रुप त्याच आठवड्यात बंद केला.

आता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवायची व्हॉट्सॲपमधली सोय. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, उत्तर थेट माझ्याकडे येतं. अडचण एकच: ज्याने वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून अर्ज घेतानाच समोर नंबर सेव्ह करून घेतो. दर शनिवारी नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो पाठवतो, सोबत दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक. ‘माझ्यासाठी ठेवा’ असं उत्तर आलं की पुस्तक बाजूला काढून ठेवतो. महिनोन्महिने कपाटात पडून राहणारी चरित्रंसुद्धा आता फिरतात, आणि वाडीवरचे काका पुस्तक आहे का ते विचारूनच एसटीत बसतात.