शब्दचर्चा: संकेतस्थळाच्या पट्टीवर 'मदत' की 'साहाय्य'?

ग्रंथसूची
एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे संकेतस्थळ मराठीत येत आहे. ते मिडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या प्रणालीवर, चालते. पट्टीवर सध्या मुखपृष्ठ, शोध, लेखक, विषय, नवी पुस्तके, देणगी आणि हेल्प असे सात शब्द आहेत. शेवटच्याला मराठी शब्द हवा. मदत, साहाय्य, साहाय्य कक्ष, मदतकेंद्र आणि समर्थन असे पाच पर्याय समोर आहेत. वाचक अडला की त्याची नजर कोणत्या शब्दावर जाईल? या पट्टीला, म्हणजे 'नेव्हिगेशन बार'लाही शब्द सुचवा.

धातुपाठ
'समर्थन' आधी काढून टाका. 'सपोर्ट'चा कोशातला पहिला अर्थ उचलल्यामुळे तो आला आहे. मराठीत समर्थन ठरावाचे करतात किंवा कृतीचे. त्याचा अर्थ पाठिंबा देणे, बाजू मांडणे. 'ग्राहक समर्थन' वाचून ग्राहकाची बाजू कोणीतरी घेतो आहे असे वाटते. पासवर्ड विसरलेला माणूस तिथे जाणार नाही.

'साहाय्य' संस्कृत 'सहाय'वरून आला. सहाय म्हणजे सोबती, आणि त्याचे सोबतीपण ते साहाय्य. भाववाचक नाम होताना पहिला स्वर दीर्घ झाला, म्हणून 'सा'. 'सहायक'मध्ये मूळ शब्द तसाच राहतो, म्हणून तिथे 'स'. 'सहाय्य' आणि 'सहाय्यक' ही रूपे सगळीकडे दिसतात, पण नियमाने साहाय्य आणि सहायक हीच बरोबर. याच घरातला 'साह्य' अभंगांतून घरोघरी पोचला, पण रोजच्या बोलण्यात उरला नाही.

'मदत' अरबी 'मदद'वरून आला आणि इतका मुरला की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. तुर्कीतून आलेली 'कुमक' मात्र फौजेपुरतीच राहिली. बोलताना 'जरा मदत कर' म्हणतात, 'जरा साहाय्य कर' कोणी म्हणत नाही. साहाय्य हा अर्जातला आणि समासातला शब्द आहे: अर्थसाहाय्य, साहाय्यभूत. अडलेला माणूस मनात जो शब्द उच्चारतो तोच पट्टीवर असावा. माझे मत 'मदत'.

उंबरा
'मदत'ला एक अडचण आहे, आणि वाचनालयाच्या बाबतीत ती मोठी आहे. मराठीत मदत दोन्ही दिशांनी वाहते. 'पूरग्रस्तांना मदत', 'शाळेला मदत' इथे मदत म्हणजे पैसे किंवा वस्तू देणे. पट्टीवर 'देणगी'च्या शेजारी नुसते 'मदत' लिहिले, तर 'वाचनालयाला मदत करा' असा अर्थ लागू शकतो. कोणी तो दुवा पुस्तके देण्यासाठी उघडेल, आणि ज्याला खरेच विचारायचे आहे तो 'इथे पैसे मागतात' असे समजून टाळेल.

उपाय दोन. एक, 'देणगी'चे 'देणगी द्या' करा आणि दोन्ही दुव्यांमध्ये अंतर ठेवा. दुसरा, जागा असेल तर 'मदत हवी आहे?' असे लिहा. क्रियापद आले की दिशा ठरते. 'मदत मिळवा' नको. व्याकरणाने ते चुकीचे नाही, पण असे कोणी बोलत नाही.

ग्रंथसूची
'चौकशी' कसा? एसटी स्थानकावर ती खिडकी सगळ्यांना माहीत असते.

उंबरा
खिडकीवर चालतो, कारण समोर माणूस बसलेला दिसतो. संकेतस्थळावर तो आधार नाही, आणि मग चौकशीचा दुसरा अर्थ वर येतो: विभागीय चौकशी, पोलीस चौकशी. शिवाय चौकशी गाडीच्या वेळेची करतात. 'पुस्तक आरक्षित होत नाही' ही चौकशी नाही, अडचण आहे.

'कक्ष'ही नको. कक्ष म्हणजे खोली, रुग्णालयात किंवा निवडणुकीत जिथे माणसे बसवलेली असतात. पानाला 'साहाय्य कक्ष' म्हटले की पलीकडे कोणी बसले आहे अशी अपेक्षा तयार होते. प्रत्यक्षात नुसती लिखित पाने निघाली की वाचकाची निराशा होते. आपोआप उत्तरे देणाऱ्या खिडकीला 'मदतनीस' म्हणण्याचा मोह होईल, तोही टाळा. तो माणसाचा शब्द आहे, अंगणवाडीत ते पदाचे नाव आहे.

पट्टीकार
शब्दाची रुंदीही मोजा. 360 पिक्सेल रुंदीच्या फोनवर तळाच्या पट्टीत पाच दुवे बसवले तर प्रत्येकाला 72 पिक्सेल मिळतात, कडेची मोकळी जागा सोडली की साठच्या आसपास. 14 पिक्सेलच्या अक्षरात 'मदत' आरामात बसतो. 'साहाय्य कक्ष' दोन ओळींवर जातो आणि पट्टीची उंची बिघडते. 'मदत'मध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षर काहीच नाही, म्हणून लहान आकारातही तो स्वच्छ वाचता येतो.

इंग्रजीसाठी बनवलेली पट्टी जशीच्या तशी घेतली की तीन गोष्टी बिघडतात. अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेले असेल तर देवनागरीची शिरोरेषा तुटते, ते शून्य करा. ओळीची उंची 1.2 असेल आणि बाहेर आलेला भाग कापायची आज्ञा असेल तर 'नवी पुस्तके'तला उकार खालून आणि वेलांटी वरून छाटली जाते, 1.5 किंवा जास्त ठेवा. तिसरी गोष्ट प्रश्नचिन्हाची. नुसते वर्तुळातले प्रश्नचिन्ह पुरत नाही, कारण माउस वर नेल्यावर दिसणारी पाटी बोटाने वापरायच्या पडद्यावर दिसत नाही. चिन्हाशेजारी शब्द हवाच. दाबायची जागा किमान 24 गुणिले 24 पिक्सेल हवी असे डब्ल्यूसीएजी 2.2, म्हणजे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे, सांगते. फोनवर 44 ठेवलेली बरी.

याच 2.2 आवृत्तीत (ऑक्टोबर 2023) मदतीसाठी स्वतंत्र निकष आहे, क्रमांक 3.2.6. मदतीचा दुवा, फोन क्रमांक किंवा संपर्काचा अर्ज अनेक पानांवर असेल तर तो इतर मजकुराच्या तुलनेत प्रत्येक पानावर त्याच क्रमाने यावा. मुखपृष्ठावर पट्टीच्या शेवटी आणि पुस्तकाच्या पानावर अगदी तळाशी, असे चालणार नाही. मदत द्याच अशी सक्ती त्यात नाही, दिली तर जागा बदलू नका एवढेच आहे.

ग्रंथसूची
आणि पट्टीचे नाव?

धातुपाठ
मराठी विकिपीडियाने 'सुचालन' घेतला आहे. 'नौकानयन' समुद्रावरच राहू द्या. 'मार्गदर्शक पट्टी' म्हटले तर मार्गदर्शन आणि मदत यांची गल्लत होते. कामाच्या चर्चेत 'दुव्यांची पट्टी' किंवा 'मुख्य पट्टी' पुरे.

पट्टीकार
पडद्यावर हे नाव कोणाला दिसायची गरजच नाही. ते पडदावाचकाला, म्हणजे दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या 'स्क्रीन रीडर'ला, लागते. पण पानाच्या कोडमध्ये 'नॅव्ह' हा घटक वापरला की पडदावाचक 'नेव्हिगेशन' स्वतःच म्हणतो. त्याच्या आरिया-लेबलमध्ये, म्हणजे फक्त पडदावाचकासाठी दिलेल्या नावात, 'मुख्य नेव्हिगेशन' लिहिले तर तो शब्द दोनदा ऐकू येतो. फक्त 'मुख्य' लिहा. पानाची भाषा मराठी असल्याची खूण वरच्या घटकात नसेल तर 'मदत'सुद्धा भलत्याच आवाजात ऐकू येतो किंवा येतच नाही.

चावडीवाचक
मिडियाविकीवर ही पट्टी 'मिडियाविकी' नामविश्वातल्या (पानाच्या नावाआधी येणाऱ्या गटातल्या) साइडबार नावाच्या पानातून येते (नाव रोमन लिपीत टाइप करावे लागते). ते पान प्रचालकच (अ‍ॅडमिन) बदलू शकतात. एका ताऱ्याची ओळ म्हणजे गटाचे शीर्षक, दोन ताऱ्यांची ओळ म्हणजे दुवा. दुव्याच्या ओळीत आधी कुठे जायचे ते, मग उभी रेघ, मग दिसणारा शब्द. त्याखाली आणखी पायरी चालत नाही, त्यामुळे 'मदत'खाली पोटयादी उघडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

उभ्या रेघेनंतर थेट 'मदत' लिहिले तर इंग्रजी मांडणी निवडलेल्यालाही 'मदत'च दिसेल. तिथे संदेशाचे, म्हणजे मिडियाविकीत भाषेनुसार बदलणाऱ्या मजकुराचे, नाव दिले तर प्रत्येकाला त्याच्या भाषेतला शब्द दिसतो. तसे करायचे असेल तर मराठी संदेशात काय लिहिले आहे ते आधी पाहा. बदल केल्यावर लॉग-आउट करून तपासा. लॉग-इन न केलेल्यांना पानाची साठवलेली प्रत मिळू शकते, आणि तिच्यात जुना शब्द तसाच राहिलेला असतो.

व्हेक्टर 2022 ही त्वचा (स्किन, म्हणजे मिडियाविकीची दृश्य मांडणी) वापरत असाल तर आणखी एक पाहा. तिच्यात लॉग-इन न केलेल्या वाचकाला डावी पट्टी मिटलेली मिळते, तीन रेघांच्या बटणामागे. शब्द कितीही नेमका निवडला तरी तो पहिल्या नजरेला दिसतच नाही. म्हणून एक दुवा जिथे माणूस अडतो तिथेही द्या: शोधाचा निकाल रिकामा आला त्या पानावर, आरक्षणाच्या अर्जाच्या वर.

ग्रंथसूची
मदतीच्या पानांचे नामविश्व 'साहाय्य' आहे असे समजा. आमच्याकडे पट्टीवर 'मदत' आणि उघडल्यावर 'साहाय्य:अनुक्रमणिका' असे होईल. चालेल?

चावडीवाचक
चालते, पण वाचक क्षणभर थबकतो. दाबलेला शब्द आणि उघडलेल्या पानाचे शीर्षक एकच असावे. पानाचे दिसणारे शीर्षक 'मदत' करा. सहाय्य, साहाय्य, हेल्प आणि रोमन लिपीतले madat अशा चार-पाच नावांची पुनर्निर्देशने करून ठेवा, म्हणजे त्यातले कोणतेही टाइप केले तरी हेच पान उघडेल. शोधयंत्राला 'सहाय्य' आणि 'साहाय्य' हे दोन वेगळे शब्द वाटतात. आपल्याला चूक वाटणारे रूपच लोक जास्त टाइप करतात, तेव्हा शुद्धलेखनाचा आग्रह शीर्षकात धरा, शोधात धरू नका.

उंबरा
त्या पानावर 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' असे लांबलचक शीर्षक नको, आणि 'वाविप्र' तर मुळीच नको. 'नेहमीचे प्रश्न' पुरते. 'संपर्क' मात्र वेगळा ठेवा. मदत म्हणजे स्वतः वाचून सोडवायचे, संपर्क म्हणजे माणसाशी बोलायचे. मदतीच्या प्रत्येक पानाच्या शेवटी संपर्काचा दुवा द्या.

शब्द ठरवण्यापूर्वी पाच वाचकांना पट्टी कागदावर छापून दाखवा आणि विचारा, 'पुस्तकाची मुदत वाढवायची आहे आणि जमत नाही, कुठे बोट ठेवाल?' प्रश्नात 'मदत' हा शब्द येऊ देऊ नका, नाहीतर उत्तर आपणच सांगितल्यासारखे होते. कोणाचे बोट 'देणगी'वर थांबते का तेही पाहा.

ग्रंथसूची
दोन छपाया करतो. एकीत 'मदत', दुसरीत 'मदत हवी आहे?', आणि दोन्हींत 'देणगी द्या' डावीकडे, 'मुखपृष्ठ'नंतर लगेच.

उंबरा
देणगी इतकी पुढे नको. 'नवी पुस्तके'नंतर असू द्या, आणि मदत उजव्या टोकाला, मध्ये एका दुव्याएवढी मोकळी जागा सोडून.