शब्दचर्चा : 'रिसेसिव्ह'ला अप्रभावी म्हणायचं का अप्रकट?

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या वाटाण्यांच्या संकरावरच्या 1866 च्या पेपरवर शाळेतल्या मुलांसाठी मराठीत लिहितेय. डॉमिनंटला, म्हणजे संकरात दिसणाऱ्या गुणाला, प्रभावी ठीक आहे, पण रिसेसिव्हला 'अप्रभावी' म्हटलं की मुलं विचारतात, प्रभावच नाही तर तो गुण पुढच्या पिढीत येतो कसा? 'सुप्त' चालेल का?

---

मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. हा शब्द का घेतला ते मेंडेलनेच पेपरात सांगितलंय, संकरात जी लक्षणं मागे सरतात किंवा पार दिसेनाशी होतात आणि त्यांच्या संततीत जशीच्या तशी परत येतात ती रिसेसिव्ह. म्हणजे परत येणं हा अर्धा अर्थ झाला, आणि अप्रभावीत नेमका तोच गळतो. वाटाण्याचंच बघा ना, पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल, सुरकुतलेला औषधालाही नाही, आणि त्यांच्यापासून पुढे 7324 दाणे मिळाले त्यात 5474 गोल नि 1850 सुरकुतलेले! माझं मत 'अप्रकट'ला.

---

+१ अप्रकट. सुप्त नकोच, झोपलेलं काहीतरी आपोआप जागं होणार असं वाटतं त्याने. 1990 मध्ये 'सेल' या विज्ञानपत्रिकेत पेपर आला त्यात कळलं की सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुकच बिघडलेलं असतं, मधेच डीएनएचा जादा तुकडा घुसलेला, मग स्टार्च कमी, साखर जास्त, त्यामुळे पाणीही जास्त, आणि वाळताना दाणा आक्रसतो. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून, त्यातली दुसरी प्रत धड असली की तेवढ्यावर भागतं म्हणून दाणा गोल दिसतो. यात झोपलंय कोण?

---

अप्रकट चांगलाय, पण तो लक्षणाला लावा, जनुकाला नको. रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि सहकाऱ्यांचा 1949 चा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा पेपर बघा, वाहकांच्या, म्हणजे जनुकाची एकच प्रत सिकलची असलेल्यांच्या, रक्तात त्यांना साधं आणि सिकलचं अशी दोन्ही हिमोग्लोबिनं सापडली. आजार दिसत नाही पण जनुक आपलं काम करतंच आहे. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारकडे तपासणीत 'वाहक' म्हणतात ते फार बरं आहे, कारण "तुमच्यात अप्रभावी जनुक आहे" म्हटलं तर माणूस निर्धास्त होऊन घरी जाईल आणि नवराबायको दोघं वाहक असतील तर दर खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, हे त्याला कळलंच पाहिजे.

---

मग 'अप्रकट लक्षण' आणि 'वाहक' असंच लिहिते, आणि कंसात एकदा पुस्तकातला 'अप्रभावी' देते, परीक्षेत तोच लिहावा लागतो ना मुलांना.