मदत हवी आहे: कर्णबधिर मुलीची तक्रार कशी नोंदवायची? दुभाषी कोण असावा?

वाटसरू: ओळखीतल्या एका सज्ञान कर्णबधिर मुलीवर काल रात्री अत्याचार झाला. ती शाळेत गेलेली नाही. घरातल्या खुणांनी बोलते आणि त्या आईलाच नीट कळतात. पोलीस म्हणतात, दुभाषी घेऊन या, मग तक्रार घेऊ. आईनेच दुभाषी म्हणून बसावं का? आणि आधी दवाखाना की पोलीस?

शुभदा: आधी दवाखाना, आत्ताच. त्यासाठी एफआयआर लागत नाही. सरकारी असो की खाजगी, मोफत उपचार द्यावेच लागतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७) आणि पोलिसांना दवाखानाच कळवतो. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅची गोळी जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची. नमुने ९६ तासांपर्यंत घेतात, पण वेळ जाईल तसा पुरावा विरत जातो. आंघोळ झाली असली तरी जा. कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, कारण प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि डीएनए खराब होतो.

तपासणीची संमती मुलीची, आईची नाही. चित्रं दाखवून एकेक टप्पा समजवायला सांगा; कुठलाही टप्पा ती नाकारू शकते आणि तरीही तिला उपचार मिळतात. दोन बोटांची चाचणी कुणी करू लागलं तर थांबवा. ती करणं गैरवर्तन ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

हस्तमुद्रा: दुभाषी आणणं पोलिसांचं काम आहे, कुटुंबाचं नाही. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार अपंग पीडितेची तक्रार तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर घ्यायची आणि त्या नोंदीचं चित्रीकरण करायचं. तोवर आई स्वतःच्या नावाने फिर्याद देऊ शकते, म्हणजे एफआयआर अडत नाही. तरीही नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. अशा गुन्ह्याची नोंद न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. दुभाष्यासाठी जवळची कर्णबधिर शाळा, १८१ वरून सखी केंद्र (पीडित महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा १५१०० वरून विधी सेवा प्राधिकरण गाठा.

आईने दुभाषी होऊ नये. बचावाचा वकील म्हणणार, हे शब्द आईचेच. शिवाय ती साक्षीदार असू शकते आणि आईसमोर मुलगी काही गोष्टी लपवूही शकते. पण आईकडून घरच्या खुणा आधी समजून घ्या: माणसं, जागा, दिवस-रात्र, दुखणं. घटनेविषयी मात्र एक शब्दही नको. या खुणांचंही चित्रीकरण करा. शक्य असेल तर दोघं बसवा. अनुभवी कर्णबधिर व्यक्ती मुलीच्या खुणा भारतीय सांकेतिक भाषेत सांगेल, दुसरा दुभाषी त्या मराठीत आणेल. घरच्या खुणांसाठी याहून भरवशाची पद्धत मला तरी माहीत नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो मान डोलावण्याने. त्याचा अर्थ पुष्कळदा "हो" नसून "मी बघतेय" एवढाच असतो. म्हणून होय-नाहीचे प्रश्न टाळा. चित्र, बाहुली, घराचा नकाशा वापरा. एकाच माणसाचा फोटो दाखवून "हाच का?" असं कुणालाही विचारू देऊ नका. कॅमेऱ्यात तिचा चेहरा आणि दोन्ही हात पूर्ण दिसले पाहिजेत. जबाबात आधी खूण जशी केली तशी लिहायची, मग तिचा अर्थ. नुसती सफाईदार मराठी वाक्यं लिहिली, तर न्यायालयात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

वाटसरू: दवाखान्यात निघालोय. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाबही असाच असतो का?

हस्तमुद्रा: हो, आणि तो जास्त जपा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे अपंग पीडितेचा तो चित्रित जबाब खटल्यात सरतपासणीच्या (म्हणजे तिच्या बाजूच्या वकिलाने घेतलेल्या पहिल्या साक्षीच्या) जागी धरतात. न्यायालयात पुढे थेट उलटतपासणी होते. म्हणून या जबाबात चुकलेला अर्थ नंतर दुरुस्त करणं फार अवघड. दुभाषी शक्यतो तोच ठेवा आणि आदल्या दिवशी मुलीशी त्याची ओळख करून द्या.

शुभदा: मनोधैर्य योजनेचा (अत्याचारपीडितांना राज्य सरकारची आर्थिक मदत) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या, खटल्याच्या निकालाची वाट बघायची नसते. आणि तिचं नाव किंवा गाव कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, इथेही नाही.