लाइव्ह रॉकमधून रात्री टकटक आवाज येतो. आत काय असावे?

प्रवाळकाठ (धागाकर्ता)
माझी १२० लिटरची रीफ टाकी (प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी) चार महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे सजीव वसलेल्या समुद्री खडकांबरोबर, मी न मागवलेले तीन जीव आत आले आहेत. दिवे मालवल्यावर काचेवर नखाने टिचकी मारावी तसा आवाज येतो. एका खडकावर तपकिरी, पारदर्शक देठाची पाच समुद्रफुले उगवली असून हात जवळ नेताच ती क्षणात आत ओढली जातात. शिवाय रात्री विजेरीच्या उजेडात गुलाबी अंगाचा, दोन्ही कडांना पांढरे केस असलेला किडा दिसतो. या आठवड्यात दोन गोगलगायी मेल्या. यांपैकी धोक्याचे कोण? दुसरी टाकी घेणे मला शक्य नाही आणि खडकांची मांडणीही मोडायची नाही.

निळीखाडी
हा मँटिस श्रिंपच आहे, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा शिकारी प्राणी. मी अशाच आवाजाकडे दोन महिने दुर्लक्ष केले आणि सगळे खेकडे व गोगलगायी गमावल्या. शेवटी टाकी उपसून एकेक खडक बादलीवर धरला, तेव्हा बोटाएवढा प्राणी खाली पडला. आपण लगेच दुसरी टाकी घेऊन सर्व खडक तिच्यात हलवावेत.

शिंपला७
दुसरी टाकी शक्य नाही, असे त्यांनी लिहिले आहे. केवळ आवाजावरून इतके ठामपणे सांगणेही योग्य नाही, कारण पिस्टल श्रिंप ही कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि त्या फुटण्याचा आवाज आपल्याला तसाच ऐकू येतो. माझा पिस्टल श्रिंप तीन वर्षे एका गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहत आहे आणि टाकीत मला ती जोडी सर्वांत प्रिय आहे. मेलेल्या गोगलगायींचे शंख तपासा: ठोसे मारणाऱ्या जातीचा मँटिस शंख फोडतो. मग विजेरीवर लाल कागद लावून पाहा. एकच नांगी अवाढव्य असेल तर पिस्टल. देठांवर फिरणारे डोळे आणि प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले पुढचे पाय असतील तर मँटिस.

निळीखाडी
मलाही सुरुवातीला सर्वांनी पिस्टलच सांगितला होता.

खारेपाणी
किड्याकडे कोणीच लक्ष दिलेले नाही. तो ब्रिसल वर्म आहे. मी एक हाताने उचलला आणि त्याचे केस बोटांत शिरून दोन दिवस आग होत होती. अखेर चिकटपट्टी लावून ते काढले. त्यानंतर चिमट्याने चाळीस किडे काढले. आपणही सगळे काढावेत.

शिंपला७
सामान्य ब्रिसल वर्म उरलेले अन्न आणि मेलेले जीव खातो. तो मेलेल्या गोगलगायीवर दिसला म्हणून त्याने तिला मारले, असे ठरत नाही. घातक फायरवर्म जाड असतो, त्याच्या डोक्यावर मांसल तुरा असतो आणि तो कोरलची (प्रवाळाची) टोके खातो.

झोआप्रेमी
समुद्रफुले म्हणजे ऐप्टेशिया, टाकीतली उपद्रवी जात. ती कापू नका, तळाचा लहानसा तुकडा राहिला तरी त्यातून नवे फूल उगवते. मी ती खाणाऱ्या तीन पेपरमिंट श्रिंप कोळंब्या सोडल्या आणि महिन्याभरात खडक स्वच्छ झाला. मात्र कॅमल श्रिंप त्याच नावाने गळ्यात मारला जातो आणि तो कोरलचे पॉलिप (प्रवाळाचे छोटे जिवंत घटक) खातो, म्हणून पाठीवरचे कुबड पाहून घ्या.

मंदप्रवाह
बर्घिया स्लग (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) आणा, ते ऐप्टेशियाशिवाय काहीच खात नाहीत. चुन्याची पेस्ट मात्र वापरू नका. मी एकाच संध्याकाळी वीस फुलांवर ती लावली, पीएच चढला आणि एक मासा गेला.

झोआप्रेमी
पाच फुलांवर स्लग उपाशी मरतील. पेपरमिंट श्रिंपच आणा.

खारेपाणी
एवढी चर्चा कशाला? तो एक खडक उकळून घ्या.

शिंपला७
कृपया असे कोणीही, कधीही करू नये. खडकावर पॅलिथोआ (झोअँथिड गटातले प्रवाळासारखे जीव) असतील तर त्यांतील पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष साध्या उकळण्याने नष्ट होत नाही, आणि ते वाफेबरोबर श्वासात जाऊन संपूर्ण कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. खडक निर्जीव करायचाच असेल तर पॅलिथोआ नाहीत याची खात्री करून तो घराबाहेर दीर्घकाळ वाळवावा. पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा.

निळीखाडी
दुसरी टाकी असती तर हा प्रश्नच आला नसता.

प्रवाळकाठ (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. दोन्ही शंख अखंड आहेत. तीन रात्री लाल उजेडात पाहिले आणि काल ती एकच मोठी नांगी स्पष्ट दिसली, म्हणून पिस्टल आहे तिथेच राहील. किड्याला तुरा नाही, तोही राहील. गोगलगायी मी आणल्या त्याच दिवशी जेमतेम दहा मिनिटांत टाकीत सोडल्या होत्या. क्षारतेतील फरक त्यांना सोसला नसावा, असे आता वाटते.

ऐप्टेशियासाठी मात्र मी श्रिंप आणि स्लग दोन्ही घेणार नाही, कारण पाच फुलांसाठी टाकीत आणखी जीव वाढवणे मला पटत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याचीच, दाट पेस्ट सिरिंजने थेट फुलाच्या तोंडात भरणार आहे. प्रवाहाचे पंप तेवढा वेळ बंद ठेवीन आणि पीएच चढू नये म्हणून दिवसाला एकच फूल घेईन. पहिले आज सकाळी भरले, ते आक्रसून पांढरे पडले आहे. उरलेल्यांपैकी एक फूल झोअँथिडच्या अगदी कडेला असल्याने ते सर्वांत शेवटी घेईन.