पदवीधरचे उमेदवार रविवारी येतायत, तेव्हा काय विचारायचं
(परभणी, वसमत रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप)

देशपांडे काका, सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचे एक इच्छुक उमेदवार रविवारी सकाळी 10 वाजता आपल्याकडे येतायत. पार्किंगमध्ये सतरंज्या टाकू. तिकिटाचं अजून पक्कं नाही, पण मतदार नोंदणीचे फॉर्म सोबत आणणार आहेत. पदवीची झेरॉक्स आणि फोटो तेवढा द्या, बाकी आमची पोरं भरून टाकतील, असा निरोप आहे.

शेख भाई, बी-301: काका, बैठक अवश्य घ्या, पण फॉर्म ज्याचा त्यानंच भरावा. गठ्ठ्यानं आणलेले अर्ज घेत नाहीत. घरातल्या एकानं त्याच पत्त्यावरच्या घरच्यांचे नेऊन दिले तर चालतं. कॉलेजच्या, ऑफिसच्या प्रमुखानं आपल्या स्टाफचे एकत्र पाठवले तरी चालतं. कार्यकर्त्यानं अख्ख्या बिल्डिंगचे नेले तर ते परत येतील आणि आपली नावं राहून जातील.

जाधव वहिनी, ए-103: आमची नावं आहेत की यादीत. 2020 ला मी पदवीधरचं मत दिलेलं आहे.

शेख भाई: वहिनी, सगळे इथंच फसायलेत. विधानसभेची यादी चालत राहते, पदवीधरची तशी नसते. प्रत्येक निवडणुकीला ती पहिल्यापासून करतात. 2020 ला निवडून आलेल्यांची मुदत डिसेंबर 2026 ला संपते, म्हणून आता नवी यादी. नमुना 18 भरायचा, पदवी प्रमाणपत्र किंवा शेवटच्या वर्षाच्या मार्कमेमोची साक्षांकित प्रत जोडायची आणि तहसीलला द्यायचा. 1 नोव्हेंबर 2025 ही तारीख धरलीय. तिच्याआधी पदवी घेऊन निदान 3 वर्षं झालेली पाहिजेत आणि राहणं मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांतलं पाहिजे. विद्यापीठ भारतातलं कुठलंही चालतं. अर्ज 6 नोव्हेंबर 2025 पर्यंत.

ऋतुजा, बी-202: काका, माझं बी.एस्सी. 2024 ला झालं. मग मी बाद?

शेख भाई: हो बेटा, या खेपेला नाही.

ऋतुजा: जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढे जाते, हा सगळा मार आमच्यावर. आणि मत मात्र ज्यांना नोकरी लागून कितीतरी वर्षं झाली त्यांना. मला हे बरोबर वाटत नाही.

सविता काकू, ए-201: तुझं पुढच्या खेपेला तरी होईल बाई. मी दहावी. विधानसभेला माझ्या पोराला एक मत अन् मलाबी एक. मग हे वरचं मत त्यालाच का? कुणीतरी मला नीट समजून सांगा. रागानं नाही विचारत.

कदम काका, ए-102: सविताताई, घटनेच्या कलम 171 मध्ये ही तरतूद आहे. विधान परिषदेच्या बाराव्या हिश्श्याइतक्या जागा पदवीधरांना, तेवढ्याच शिक्षकांना. आपल्या परिषदेत 78 पैकी 7 आणि 7. बाकीचे आमदारांनी, स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी निवडलेले आणि राज्यपालांनी नेमलेले. 1951 च्या जनगणनेत देशात साक्षर माणसं साधारण 18 टक्के होती. शिकलेले मोजके, ते निवडणुकीच्या धामधुमीत उतरणार नाहीत, त्यांचं म्हणणं तरी सभागृहात पोचावं, असा विचार होता. आपला भाग तर 1948 पर्यंत निजामाकडे. मिलिंद कॉलेज 1950 चं, मराठवाडा विद्यापीठ 1958 चं. त्याआधी शिकायला हैदराबाद गाठायचं. तेव्हा तालुक्यात पदवीधर शोधावा लागायचा.

सविता काकू: म्हणजे तेव्हा बरोबर होतं. आता आपल्या एका जिन्यात सहा पदवीधर आहेत.

गायकवाड सर, ए-304: काकू, माझंही ऐका. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. शिक्षक मतदारसंघात मला मत नाही, कारण तिथं माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजातलेच शिक्षक धरतात. पहिलीच्या लेकरांना वाचायला शिकवणारा त्या यादीत शिक्षक नाही. पदवीधर म्हणून तेवढं मत आहे मला.

मीरा मॅडम, बी-103: काकूंच्या प्रश्नाला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की राजकारणात आपण एक माणूस, एक मत आणि एका मताचं एकच मूल्य मान्य करणार आहोत. ते डोळ्यांसमोर ठेवलं की पदवीवरून मिळणारं हे जादा मत मला टोचतं. देशात विधान परिषद आहेच मुळी सहा राज्यांत. बदल करायचा तर तो संसदेत, तिथं आपला हात पोचत नाही.

पण मत माझ्याकडे आहे तर मी ते देणार, आणि म्हणूनच रविवारचा माझा आग्रह आहे. आपण सगळ्यांनी मिळून आपापल्या पेन्शनचं आणि वेतनश्रेणीचंच विचारलं, तर ऋतुजानं आणि काकूंनी आपल्या या मताला मान का द्यावा? ज्यांना या निवडणुकीत मत नाही, त्यांचे प्रश्न आधी विचारू. सभागृहात गेलेला माणूस त्यांच्यासाठीही कायदे करणार आहे.

देशपांडे काका: मॅडम, पटलं. पण ते येतील, जुनी पेन्शन देऊ म्हणतील, टाळ्या होतील आणि जातील. दरवेळी तेच.

कदम काका: म्हणून त्यांच्या हातात काय आहे ते आधी आपल्याला माहीत पाहिजे. खर्चाचं, म्हणजे धन विधेयक परिषदेला अडवता येत नाही. 14 दिवसांत परत पाठवावं लागतं, आणि परिषदेनं सुचवलेला बदल विधानसभेनं मानलाच पाहिजे असंही नाही. पेन्शन तिजोरीतून जाते. त्यामुळे "पेन्शन लागू करतो" हे एकट्या आमदाराचं काम नव्हे. त्याच्या हातात काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं), ठराव. मंत्र्याला उभं करून उत्तर घेता येतं आणि ते कार्यवृत्तात छापलं जातं. ही ताकद लहान नाही, वापरली तर. म्हणून "तुमची भूमिका काय" एवढ्यावर थांबायचं नाही. पहिल्या अधिवेशनात कोणत्या विषयावर, कोणत्या मार्गानं बोलणार, ते विचारायचं.

गायकवाड सर: मग माझा प्रश्न घ्या. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा. 2023 ला त्यांच्या जागी समूह शाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक, करण्याचे प्रस्ताव सरकारनं मागवले होते. शिक्षण हक्काचा कायदा म्हणतो पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी. जिंतूरच्या डोंगराकडच्या एखाद्या तांड्यावर पट 12 असतो, कारण तांडाच तेवढा. ती शाळा हलवली तर मुलगे कदाचित जातील, मुली घरी बसतील. मी हे बघत आलोय. उमेदवार शाळा ठेवण्याच्या बाजूचे की हलवण्याच्या, हे सरळ सांगावं. गाडीची सोय करू हे उत्तर मला नको, पावसाळ्यात तांड्यावर गाडी येत नाही.

जाधव वहिनी: खासगी शाळेतल्या 25 टक्के मोफत प्रवेशाचंही (आरटीई) विचारा. मागे धाकट्याच्या वेळी आमचा जीव टांगणीला लागला होता.

शेख भाई: वहिनी म्हणतात ते 2024 चं. फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला. 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्के जागा देण्यातून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. कोर्टानं वाचवलं, सभागृहानं नाही. असा नियम पुन्हा आला तर हे विरोध करणार का, एवढं विचारू.

मीरा मॅडम: आता माझा प्रश्न, जरा लांब आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 20 ते 24 वयाच्या बायकांना विचारलं होतं की लग्न 18 च्या आत झालं का. राज्याचा आकडा 22 टक्क्यांच्या जवळ. आपल्या परभणीचा 48 टक्के. बीडचा 43 च्या वर. परभणीच्या दोनातल्या एका मुलीचं लग्न कायद्याच्या वयाआधी झालेलं. पदवीधर मतदारसंघाच्या प्रचारात हा आकडा कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही, आणि मला तो सगळ्यात मोठा शिक्षणाचा प्रश्न वाटतो. दहावीच्या आत लग्न झालेली मुलगी नमुना 18 भरायला कधी पोचणार?

ऊसतोडीत मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा खरा प्रश्न असतो, आणि लग्न हे त्यांना त्यावरचं उत्तर वाटतं. त्यांना शहाणपण शिकवून काही होणार नाही. हंगामी वसतिगृह टोळी निघायच्या आधी उघडलं, मुलींसाठी वेगळी आणि सुरक्षित जागा असली, गावातली शाळा संपल्यावर पुढच्या शाळेला मानव विकास कार्यक्रमातली मुलींची निळी बस वेळेवर आली, तर आईबाप थांबतात. माझ्या वर्गात अशा काही मुली आहेत, त्या याच सोयींवर इथपर्यंत आल्यात. जुलै 2024 च्या निर्णयानं 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ झाली, ते चांगलंच झालं. पण त्या दारापर्यंत मुलगी यायला आधी ती नववीत टिकली पाहिजे.

याच लोकांच्या मताचंही बघा. 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, ऐन तोडीच्या दिवसांत. फडावरून गावी येऊन मत द्यायचं तर मजुरी बुडते आणि भाडं पदरचं. बाहेरगावी असलेल्यांना तिथूनच मत देता येईल असं यंत्र निवडणूक आयोगानं जानेवारी 2023 ला पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, ते पुढे सरकलं नाही. आमदाराच्या हातात निवडणुकीचा कायदा नाही, पण परिषदेत ठराव तर मांडता येतो. मांडणार का?

सविता काकू: मीरा, माझ्या बहिणीच्या पोरीचं असंच झालं होतं. हे विचारच तू. सगळ्यांत आधी विचार.

देशपांडे काका: एक विनंती. आरक्षणावर ग्रुपमध्ये आणि बैठकीत वाद नको. आपण सगळ्या समाजाचे लोक एका गेटमधून येतो-जातो.

शेख भाई: मान्य. पण एक गोष्ट विचारता येईल, ती सगळ्यांच्या घरची आहे. कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी. आरक्षण कुणाला किती, हा वाद बाजूला ठेवा. ज्याला आहे त्याचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या तारखेआधी हातात पडत नाही आणि जागा जाते. सगळ्याच प्रवर्गांची पोरं यात अडकतात. समितीनं किती दिवसांत निकाल द्यायचा आणि उशीर झाला तर पोराचा प्रवेश कसा टिकवायचा, यावर उमेदवाराचं मत घेऊ.

ऋतुजा: माझं पण लिहा. 2023 ला तलाठी भरतीची फी खुल्या प्रवर्गाला 1000 आणि राखीवला 900 होती. एका वर्षात चार-पाच परीक्षा दिल्या की बाबांचा महिन्याचा किराणा जातो. त्याच वर्षी कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, पोरं रस्त्यावर उतरल्यावर ऑक्टोबरात मागे घेतला. हे उमेदवार तेव्हा काय बोलले होते? आणि भरतीचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करून पाळायचं, असं अशासकीय विधेयक ते आणतील का? मला मत नाही, पण मी बैठकीला येऊ शकते ना?

कदम काका: तू यायचंच. पहिल्या ओळीत बस.

गायकवाड सर: मीरा मॅडम, तुमचं सीएचबीचं, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या नोकरीचं राहिलं की. तासावर शिकवताय, सुट्टीत काही नाही.

मीरा मॅडम: विचारेन, पण शेवटी. विद्यापीठात आणि कॉलेजात जागा रिकाम्या ठेवून तासिकेवर काम चालवायलेत, हे मुलांचंही नुकसान आहे. टप्पा अनुदानावरच्या, म्हणजे अनुदान टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांचंही त्यातच घेऊ.

जाधव वहिनी: मतदान कसं करायचं तेही सांगा कुणीतरी. मागच्या वेळी मी बरोबर केलं का, कोण जाणे.

शेख भाई: ही मशीन नसते, मतपत्रिका असते. केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात, त्यानंच लिहायचं, आपलं पेन काढायचं नाही. नावासमोर पसंतीचा अंक लिहायचा, 1, मग हवं तर 2, 3. अक्षरात "एक" लिहिलं, टिक केली, सही केली तर मत बाद. 1 हा अंक पाहिजेच, बाकी पसंत्या दिल्या नाहीत तरी चालतं. वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक जास्त, हा कोटा. पहिल्या मोजणीत कुणी तिथं पोचला नाही तर खालचा उमेदवार काढतात आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. म्हणून दुसरी पसंतीही विचार करून द्या.

देशपांडे काका: तर ठरलं. मीरा मॅडम सुरुवात करतील, मग ऋतुजा, गायकवाड सर, शेख भाई. कदम काका उत्तरं वहीत टिपतील, कोणत्या विषयावर काय कबूल केलं ते उमेदवाराला वाचून दाखवतील आणि खाली सही मागतील. दुसरे कुणी इच्छुक आले तर त्यांनाही हेच प्रश्न, हाच क्रम. फॉर्म कार्यकर्त्यांकडे कुणीही देऊ नये. सोमवारी मी तहसीलला जातोय, ज्यांना सोबत यायचंय त्यांनी मूळ मार्कमेमो घेऊन साडेदहाला गेटवर या.

सविता काकू: पोराचा फॉर्म मी घेऊन येते, त्याला सुट्टी नाही. एकाच पत्त्यावरचं आहे, चालतंय ना शेख भाई?

शेख भाई: चालतं काकू. त्याची सही तेवढी आज रात्रीच घेऊन ठेवा.